इन्स्पेक्टरच्या तोंडी घरची बोली

आई, खराडीच्या स्टुडिओखालच्या कँटीनमध्ये बसून तुला लिहितोय. वर काचेमागे आमची डबिंगची दिग्दर्शिका थांबली आहे. चहा संपेपर्यंत मी हो की नाही ते सांगायचं आहे. नाही म्हटलं, तर तो अमेरिकन मालिकेतला इन्स्पेक्टर माझ्या हातून गेला. चहावर साय धरली आहे आणि मी एकही घोट घेतलेला नाही.

तो तुला आठवेल. जाड भुवयांचा, टीव्हीसमोर भाजी निवडता निवडता तू ज्याला "जेवला का रं?" म्हणून विचारायचीस, तो. मराठीत त्याचा आवाज तुझ्या लेकाचा, हे तू अख्ख्या आळीला सांगून ठेवलं होतंस. त्याचा श्वास कुठे तुटतो ते कळावं म्हणून मी त्याच्या मुलाखती बघायचो. त्यातून कळलं की तो नट मूळचा आर्मेनियन. आजी-आजोबा तुर्कस्तानातल्या कत्तलीतून जीव वाचवून अमेरिकेला पोचलेले, बाप बूट शिवायचा, घरात आर्मेनियनच बोलायचे. टीव्हीवर यायचं म्हणून त्याने आडनाव छाटलं, बोलणं घासूनपुसून घेतलं. तरी कित्येक वर्षं कधी इटालियन गुंड, कधी अरब दुकानदार, असा कुणाकुणाचा होत राहिला. इन्स्पेक्टर झाला तेव्हा केस पिकले होते. हे तुला सांगितलं, तर तू मान वर न करता म्हणालीस, "दिसभर सायबावानी बोलतुया. आयसंगं तरी घरचं बोलत आसंल का न्हाई?"

पेठेतल्या नाट्यवर्गाचे सर तेव्हाही माझ्या कानात होते. पहिल्या दिवशी माझा उतारा ऐकून ते अगदी शांतपणे म्हणाले होते, "अहो, आपण नायक आहात. बैल घरी गेल्यावर हाका." वर्ग हसला. मी चिडून इतका सराव केला, की पुढे मी आयटी यायच्या आधीच्या हिंजवडीचा आहे असं सांगूनही कुणाला पटेना. आमच्या डबिंगमध्ये रीतच आहे, गावाकडची बोली द्यायची ती ट्रकवाल्याला, दारुड्याला, मोलकरणीला. लोकांनी हसावं म्हणून. नायकाला ती कधी देत नाहीत. ही रीत मी निमूट पाळली आणि तिच्यावर संसार चालवला.

आज शेवटच्या सीझनचा भाग होता. इन्स्पेक्टरची आई हॉस्पिटलात आहे, आणि तो तिच्या उशाशी बसून अचानक आर्मेनियन बोलायला लागतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. चेहराच बदलतो गं त्याचा. माझ्या कागदावर होतं, आई, तू विश्रांती घे, मी इथेच आहे. म्हटलं. जुळेना. पुन्हा म्हटलं. बँकेतला माणूस खातेदाराशी बोलतोय असं वाटत होतं. तिसऱ्यांदा तोंडून निघून गेलं, "आये, पड गप. म्या हाय हितं."

काचेपलीकडे कुणी हसलं नाही. दिग्दर्शिका माझ्या मुलीच्या वयाची आहे. ती म्हणाली, "सर, ओठांशी सिंक एकदम परफेक्ट आहे. मला रडू आलं. पण चॅनल हे पास करणार नाही, ऑडियन्स हसेल." तरी तिने फोन लावून बघितला. उत्तर आलं की शुद्ध करून द्या, नाहीतर आवाज बदला, आणि आजच. मला खाली पाठवताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

मला राग आलाय, आई. त्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांचं बोलून पोट भरलं. म्हातारपणी एकदा आईशी स्वतःचं बोलायला मिळालं, तर तेही मी पुसायचं? भीतीही तेवढीच वाटतेय. हा गेला तर या वयात मला नवा नायक कोण देणार? ट्रकवाले मिळतील.

आत्ता वर जाऊन आलो. दुसरा आवाज बघा, म्हणून सांगितलं. तिने मान डोलावली. परत येऊन गार चहा तसाच प्यायलो.

हे पत्र कुठे टाकणार? तू होतीस तेव्हाही तुला वाचून दाखवायला मीच लागायचो. एक गोष्ट मात्र वर कुणाला सांगितली नाही. डबिंग करताना पडद्यावरच्या ओठांवरून नजर काढायची नसते. त्या वाक्याला माझे डोळे मिटलेले होते. मी त्याच्या आईशी बोलतच नव्हतो.