भोपळ्याला लावलेली पहिली सुरी

सोलापूर, २ नोव्हेंबर १९३५

प्रिय मायाप्पा, अनेक आशीर्वाद.

मंगळवारी तुझ्या पोटातली गाठ काढणार, हे तुझ्या आईच्या, बाळाबाईच्या पत्रातून कळलं आणि तेव्हापासून तुझ्या या मावशीचा जीव टांगणीला लागला आहे. मिरजेचे डॉक्टर चांगले आहेत, मला ठाऊक आहे. पण परवा माझ्या हातून एक आगळीक घडली, ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. हसायचं तर आत्ताच हसून घे, टाके घातल्यावर हसू नकोस.

परवा मी कामाला आहे त्या बंगल्यावरच्या अमेरिकन मडमबाईंचा हॅलोवीन नावाचा सण होता. त्या दिवशी म्हणे भोपळा पोखरून त्याला डोळे, नाक, दात कोरतात, आत दिवा ठेवतात आणि पोरं भुतं बनून दारोदार खाऊ मागतात. भुतांना खाऊ घालायची तऱ्हा मला आवडली. दोन दिवस शेवेचे लाडू वळत होते मी. पण सात रस्त्याच्या बाजारातून आणलेला तांबडा भोपळा समोर आला आणि हात आखडला. अख्खा भोपळा म्हणजे घरचा थोरला मुलगा, बाईनं त्याला पहिली सुरी लावायची नाही, नाहीतर पोटच्या थोरल्यावर संकट येतं, ही आपली रीत. एरवी खानसामा इलाहीबक्ष पहिली सुरी लावून देतो आणि वर माझी चेष्टा करतो. तो नेमका भाचीच्या लग्नाला दुधनीला गेलेला. येडू माळी वैरागच्या बाजाराला. दिवस मावळायला आला, मडमबाई दोनदा डोकावून गेल्या. शेवटी देवाचं नाव घेतलं आणि मीच सुरी लावली. डोळे कोरताना सुरी निसटली आणि डावा डोळा बारीक झाला. हसताना तुझा होतो ना, तसाच.

पोरं आली. कुणी चादर पांघरलेली, कुणी तोंडाला काजळी फासलेली. परटीण गुरम्माची नात तर "लाडू द्या, न्हाईतर मानगुटीवर बसू की!" म्हणून ओरडली. मडमबाई टाळ्या पिटत होत्या. माझ्याच्यानं त्या भोपळ्याकडे बघवेना. गुरम्माच्या ते लक्षात आलं. म्हणाली, "अगं, तुजा थोरला गुंडा हितं उभा हाय की, लाडू खातोय! भ्यायचं काय?" गुंडा खरंच चौथा लाडू खात होता.

त्याला बघून माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही, कारण गुंडा माझा थोरला नाही. मायाप्पा, माझा थोरला तू आहेस. बाळाबाईची कूस उजवत नव्हती. तुझ्या बारशाच्या दिवशी मीच तुला तिच्या पाळण्यात ठेवलं आणि तुला कधी कळू देणार नाही असं वचन दिलं. चोवीस वर्षं ते पाळलं, आज मोडते आहे. हे तिच्यासमोर मोठ्यानं वाचू नकोस. तिनं तुझं सगळं केलं. रागवायचं तर माझ्यावर रागव. सोमवारच्या गाडीनं मी येते. उशाशी तीच बसू दे, मी मावशी म्हणून दाराशी उभी राहीन. मंगळवारी तुला आत नेतील तेव्हा एकदा माझ्याकडे बघ. एवढंच मागायला हे पत्र लिहिलं. खाली नेहमीसारखं मावशी लिहायला आज हात धजत नाही.

तुझीच,
गोजाबाई