नावासाठी एकच ओळ

८ डिसेंबर १९८२, बुधवार

वाकळ अंथरली. आठ फूट बाय सहा. तीन लुगडी खाली, मध्ये जुन्या धोतरांचे थर, वर माझ्या शाळेतल्या साड्या. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, आता सुती साड्यांचा गठ्ठा उगीच पेटीत कशाला? चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि चार बाजूंना चौघी बसलो.

गुलाब भातगिरणीतून थेट आली, केसांत कोंडा. कांता पोस्टमनची बायको, गावातली पत्रं नवऱ्याआधी तिला ठाऊक. आणि भागीरथा. ढिवर मोहल्ल्यातली. जन्म जाळी विणण्यात गेला, त्यामुळे टाका घालताना ती कापडाकडे बघतच नाही. तांदळाच्या दाण्याएवढा टाका, एकासारखा एक.

गुलाब म्हणाली, "बाई, तुमचे टाके सरळ हायेत. भागीरथाचे जिते हायेत."

टाका जिवंत कसा असतो, विचारलं. सांगता आलं नाही.

१८ डिसेंबर, मोहर्ली

महिलांसाठी हस्तकलेचं सरकारी शिबिर. तीन दिवस. वनविश्रामगृहाच्या पडवीत सतरंज्या. नागपूरहून प्रशिक्षिका आल्या आहेत. वय तिशीच्या आत. त्यांनी सांगितलं, गोधडीला नवं कापड घ्यावं, चौकोन कापावेत, रंग जुळवून जोडावेत.

भागीरथा: "नवं कापड फाडाचं आन् मंग जोडाचं? तं फाडलं कायले?"

प्रशिक्षिका पाणी प्यायल्या.

संध्याकाळी जंगलात वाघ बोलला. प्रशिक्षिका खाटेवर उभ्या राहिल्या. भागीरथा म्हणाली, "भिऊ नोका जी, त्याले वाकळ नाई पायजे." मी हसले नाही. शिबिरप्रमुख म्हणून हसणं बरं दिसलं नसतं.

१९ डिसेंबर

वाघ दिसला नाही. डाळ कच्ची होती.

१२ जानेवारी १९८३, बुधवार

वाकळ झाली. शेवटचा कोपरा तेवढा उरला, तो भागीरथाने घेतला. ही तिची रीत, तिच्या आईपासूनची — कापड जिचं, तिने चौथा कोपरा शिवायचा नाही, मैत्रिणीने शिवायचा. "आपली वाकळ आपल्याच हातानं बंद केली तं ऊब आतमंदी नाई ऱ्हात."

ऊब कापडाच्या थरांवर अवलंबून असते, असं मी तिला १९६३ साली सांगितलं होतं. बदली होऊन मूल गावात आले ते वर्ष. आजही सांगितलं. "हो जी," म्हणाली आणि कोपरा बंद केला. वीस वर्षांत माझी एकही गोधडी दुसऱ्या कुणी बंद केलेली नाही.

चंद्रपूरच्या प्रदर्शनात पाठवायचं ठरलं. कांताने टाळ्या वाजवल्या. भागीरथा म्हणाली, "तिथी कोन पाह्यते आपल्याले?" पण उठताना वाकळीवरून दोनदा हात फिरवला.

२० जानेवारी

फॉर्म भरला. नावासाठी एकच ओळ होती. माझं नाव लिहिलं. पोस्टात टाकला.

६ फेब्रुवारी

चौघी एस.टी.ने चंद्रपूरला. वाकळ सभागृहात दोरीवर टांगलेली, वर नुसता क्रमांक — सतरा. टांगलेली वाकळ बघून भागीरथा अस्वस्थ. "फाशी देल्यावानी दिसते." एक गृहस्थ चष्मा वर करून अर्धा तास टाके बघत उभे होते. ते परीक्षक निघाले. भागीरथाने शिवलेल्या बाजूसमोरच उभे होते.

कांताने भजी खाल्ली. परतताना तिला एस.टी. थांबवावी लागली.

२७ फेब्रुवारी

पहिला क्रमांक!

पत्र माझ्या नावाने आलं होतं, म्हणून मी एकटी गेले. व्यासपीठ, हार, फोटो. प्रशस्तिपत्र चौकटीसकट. एकतीस वर्षांच्या नोकरीत आदर्श शिक्षिकेसाठी माझं नाव तीनदा वर गेलं आणि तीनदा खाली आलं. ते आठवायचं कारण नव्हतं. आठवलं.

हाताच्या शिलाईला पहिलं बक्षीस काय, तर शिलाई मशीन.

४ मार्च

बाजारात गेले. भागीरथा झिंगे विकत होती, गुंडाळायला रद्दी. मला बघून तिने रद्दीतलं एक पान काढलं. माझा फोटो, हारासकट.

"बाई, यात माझं नाव कुठी हाये? दाखवा."

म्हटलं, "नाही."

"गुलाबचं?"

"नाही."

"कांताचं तरी?"

"फॉर्मवर एकच ओळ होती, भागीरथा. नावासाठी एकच."

तिने पान उलटं-सुलटं करून पाहिलं. मग त्यात पावभर झिंगे गुंडाळले आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दिले. "घे माय, ताजे हायेत."

मी झिंगे न घेता आले.

९ मार्च, बुधवार

भागीरथा आली नाही. जाळ्याचं काम असेल.

१६ मार्च, बुधवार

नाही.

२३ मार्च, बुधवार

नाही. गुलाबने सुई खाली ठेवली. "बाई, तिले लई लागलं. वाकळीचे तीन हिस्से तं तिच्याच हातचे होते."

"मी मुद्दाम केलं का? फॉर्मवर एकच ओळ होती."

"हो जी. मी अन् कांता तेच तं सांगून राह्यलो तिले. बाईची काय चुकी? सरकारनं लकीरच एक देली."

कांता म्हणाली, "सरकारचं असंच असते."

विषय बदलला.

२ एप्रिल

मशीन धूळ खात पडलं आहे. दसरूच्या बैलगाडीत घालून भागीरथाकडे पाठवलं. चांगलं यंत्र आहे, तिच्या सुनेला उपयोगी पडेल.

चार वाजता मशीन परत. दसरू म्हणाला, "ते म्हनते, घरात जाळे ठेवाले जागा नाई, मशीन का डोक्स्यावर ठेवू? अन् म्हनते, ज्याचं नाव त्याचं मशीन."

दसरूला दोन्ही फेऱ्यांचा चहा पाजला.

१४ एप्रिल

जयंती. विहारात दरवर्षीप्रमाणे भाषण. म्हटलं, ज्याला वाचता येत नाही, त्याला कुणीही काहीही वाचून दाखवावं आणि त्याने ते खरं मानावं, अशी ही गुलामी असते. टाळ्या बराच वेळ चालल्या. गुलाब पहिल्या रांगेत होती, सगळ्यांत जोरात तीच.

लवकर घरी आले.

२१ मे

असह्य ऊन. सुई हाताला चटका देते. शिवण बंद.

२३ मे

पेट्या आवरल्या. पाचवीच्या मुलींच्या जुन्या निबंधाच्या वह्या सापडल्या. विषय: मी रोजनिशी का लिहिते. एकीने लिहिलं होतं, 'रोजनिशीत खरे लिहावे लागते, म्हणून मी फक्त हवामान लिहिते.' दहापैकी चार गुण दिले होते. कमी दिले.

२४ मे

कालच्यापेक्षा जास्त ऊन.

१३ जुलै, बुधवार

रोवणी सुरू. गुलाब, कांता दोघी धानाच्या बांधीत, भात लावायला. एकटीच बसले.

माझ्या लेकीचं, विशाखाचं पत्र. गडचिरोलीला दवाखाना अजून धड नाही, बाळंतपणाला इकडेच येते म्हणते. बाळासाठी दुपटं काढलं. नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी नेसले होते ती पांढरी साडी, छप्पन सालची. सत्तावीस वर्षं जपली. आता लोण्यासारखी मऊ झाली आहे.

१० ऑगस्ट

दुपट्याचे तीन कोपरे झाले. चौथा गुलाबपुढे धरला. तिने हात मागे घेतला. "तो तिचा कोपरा हाये, बाई." कांताला सांगितलं. कांता म्हणाली, "मी? ना बाप्पा!"

सुशिक्षित समाज घडवायला आणखी किती वर्षं लागतील, कोण जाणे.

१७ ऑगस्ट

तळ्यावर गेले. सहज, फिरायला. भागीरथा बांधाच्या पाळीवर जाळं शिवत बसली होती.

"बुधवारी येत जा."

"जाळं फाटलं हाये."

"जाळं रोजच फाटतं."

"हो जी. रोजच शिवतो."

उभी राहिले. तिने बसायला पोतं सरकवलं नाही. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. माझ्या मनात एक वाक्य तयार होतं. ते तसंच परत घेऊन आले.

११ सप्टेंबर

मुलगी झाली! पहाटे साडेपाचला. अडीच किलो, आवाज तिप्पट. विशाखा ठीक.

१४ सप्टेंबर

दुपट्याचा चौथा कोपरा मीच शिवून टाकला. बाळ काय रीतीसाठी थांबणार आहे? सात मिनिटं लागली.

विशाखाने दुपटं हातात घेतलं, बोट फिरवलं. "आई, हा कोपरा तू शिवलास?"

"कशावरून?"

"फार सरळ आहे." मग म्हणाली, "भागीरथामावशी का आल्या नाहीत? माझी सगळी दुपटी त्यांनी बंद केली, असं तूच सांगतेस."

म्हटलं, "फॉर्मवर एकच ओळ होती." तिला काहीच संदर्भ माहीत नव्हता.

१५ सप्टेंबर

कोपरा उसवला.

२१ सप्टेंबर, बुधवार

भागीरथा आली. हातात टोपली, टोपलीत मरळ, अजून हलणारी. दारातूनच, "बाळंतिनीले रस्सा करून द्या. तिखट नोका टाकू. तुमच्या हाताले तिखटाचा अंदाज नाई."

बाळाला मांडीवर घेतलं. "माय वो! तोंड तं पाह्य. आजीवानीच. आताच हजेरी घेऊन राह्यली."

मग म्हणाली, "आना ते दुपटं. गुलाबनं सांगतलं, उघडं पडलं हाये. लेकराचा काय गुन्हा?"

सुई तिने स्वतःच ओवली. कोपरा शिवायला अर्धा तास लावला. सात मिनिटांचं काम. मी समोर बसले. टाका जिवंत असतो म्हणजे काय, ते साधारण कळलं. लिहिता येणार नाही.

दोरा दातांनी तोडून ती म्हणाली, "बाई, मी तुमच्यावर उगीच रागावली. सहा महिने तोंड नाई दाखवलं. मंग इचार केला, लकीरच एक होती तं तुमी तरी काय करान? एका लकीरीवर चार बाया कशा बसतीन? आमची गुलाब एकटीच दोघीची जागा घेते."

विशाखा हसली. बाळ दचकलं.

आता बोलायची वेळ होती. ते तळ्यावरचं वाक्य तयारच होतं. मी म्हटलं, "चहा घेशील?"

"घेतो. साखर जास्त टाका." आणि चहा पिता पिता, "एक काम करा. मले वाचाले शिकवा. पुढच्या बारी पेपरात माझं नाव मीच पाहीन. तुमाले तरास नाई."

१९६३ पासून मी तिच्या मागे लागले होते, वाचायला शीक म्हणून. दरवेळी म्हणायची, "शिकून काय पोस्टमास्तर होऊ?"

हो म्हटलं.

१९ ऑक्टोबर, बुधवार

आधी पाटी, मग शिवण. भागीरथा अक्षर जाळ्यासारखं विणते — एका टोकाकडून सुरू करते आणि सुटू देत नाही. एकतीस वर्षांत अशी विद्यार्थिनी मिळाली नव्हती. तसं तिला सांगितलं नाही.

२५ नोव्हेंबर

आज एस.टी. स्टँडवर तिने पाटी वाचली. मोठ्याने. "गों-ड-पि-प-री!" गाडी गोंडपिपरीचीच होती. कंडक्टर म्हणाला, "चढता काय मावशी?" ती म्हणाली, "नाई रे बाबू, वाचून राह्यली."

मला डोळ्यात धूळ गेल्यासारखं झालं. स्टँडवर धूळ असतेच.

१४ डिसेंबर, बुधवार

भिंतीवरचं प्रशस्तिपत्र तिने अक्षर लावून वाचलं. बोट काचेवर. माझं नाव, आडनावासकट. शेवटी, "चांगलं हाये," म्हणाली. आणि खरंच चांगलं वाटल्यासारखी म्हणाली.

१५ डिसेंबर

चौकट उतरवली. भिंतीवर चौकोन राहिला आहे, आजूबाजूपेक्षा पांढरा. चौकटीपेक्षा जास्त दिसतो.

४ जानेवारी १९८४, बुधवार

नवी वाकळ पूर्ण. या खेपेस कापड चौघींचं, त्यामुळे चौथा कोपरा कुणी शिवायचा यावर तास गेला. शेवटी विशाखाकडून शिवून घेतला. वाकडा आला. भागीरथा म्हणाली, "जिता हाये!"

फॉर्म आला की तीच भरणार आहे. आम्हा तिघींना सांगून ठेवलं आहे तिने. नावं लिहायचा सराव करते. एकाच ओळीत चार नावं बसावीत म्हणून बारीक अक्षर काढायला शिकते आहे.

११ जानेवारी, बुधवार

फॉर्म आला. छपाई गेल्या वर्षीचीच. भागीरथा दुपारी यायची आहे. टेबलावर उघडा ठेवला आहे, बाजूला पेन.

नावासाठी पाच ओळी आहेत. गेल्या वर्षीही पाचच होत्या.

आम्ही चौघी. एक उरली असती.