पंधरा दिवस चावायचं नाही

वेल्ह्यावरची धनगरवाडी,
माघ, सन १९३७

प्रिय बिरू,

तुझ्या पत्राला तीन महिने उत्तर दिलं नाही, म्हणून तू रागावला असशील. रागव, तेवढा हक्क तुला आहे. तू विचारलंस की ज्यांच्या हाताखाली तू शिकतोस ते डॉक्टर आणखी दोन वर्षं ठेवून घ्यायला तयार आहेत, चेहऱ्याचं सगळं शिकवतो म्हणतात, तर राहू का? मी दोनदा कागद घेऊन बसलो. दोन्ही वेळा लिहिलं की मुकाट्यानं घरी ये, नाहीतर परत तोंड दाखवू नकोस. दोन्ही कागद तुझ्या आईनं चुलीत घातले. तिला अक्षर वाचता येत नाही, पण माझं तोंड बघून मजकूर बरोबर कळतो. पलटणीत लिहायला शिकलो तेव्हा वाटलं होतं, आता घरात माझं चालेल. कसलं काय!

माझी अडचण तुला ठाऊक आहे. चार पिढ्या आपल्या घरात हाडं बसवायची विद्या आहे. बाजाराच्या दिवशी मी देवळापुढं बसतो, पार भोंगवलीहून माणसं येतात, नारळ ठेवतात आणि नीट होऊन जातात. पण माझे हात आता कापायला लागलेत. तू दोन वर्षं राहिलास म्हणजे तिथलाच झालास, एवढं मला कळतं. मग माझ्या जागी बसणार कोण, हाच एक विचार तीन महिने डोकं खात होता. तुझ्या बहिणीचं, पारूचं, नाव एकदाही मनात आलं नाही. मुलीला विद्या द्यायची नाही, ती सासरी घेऊन जाते, असं माझा बाप म्हणायचा आणि मीही त्याचीच री ओढली. तू लहान असताना मी तुझे डोळे फडक्यानं बांधून मेंढराची कवटी तुझ्या हातात द्यायचो. तेव्हा तुझी बहीण शेजारी येऊन बसली की मी तिला पाण्याला पिटाळायचो. ती इतक्या झटपट घागर भरून यायची की मला वाटायचं, पोरगी कामाला चलाख आहे!

तुझ्या आईचे गुडघे धरलेत, म्हणून पारू दिवाळीपासून इथंच आहे. जावई भला माणूस, त्यानं तक्रार केली नाही. तुझी पत्रं मी चुलीपुढं बसून मोठ्यानं वाचतो आणि ती भाकरी थापत असते. चेहऱ्यात चौदा हाडं, त्यातलं हलणारं एकच, ते जबड्याचं, हे तू लिहिलंस. डॉक्टर तुम्हा पोरांना समोरासमोर बसवतात आणि डोळे मिटून एकमेकांच्या कानापुढच्या खळगीवर बोट ठेवायला लावतात, हे वाचून मला बरं वाटलं. म्हटलं, हा विलायतेहून ऑस्टिओपथी, म्हणजे हातानं हाडं-मांस ठीक करायची विद्या, शिकून आलेला माणूस निम्मा तरी आपल्यातला दिसतो. पण पुढं तू लिहिलंस की जबडा निखळला तरी हाडाला लगेच हात घालायचा नाही. गालातलं मांस आवळून बसलेलं असतं, त्यावर तळवे ठेवून ते सैल पडेपर्यंत थांबायचं. यावर मी आणि शेजारचा चिमाजी पोट धरधरून हसलो. आपली पद्धत तू पाहिलेलीच आहेस. माणसाला बोलण्यात गुंतवायचं आणि त्याला कळायच्या आत झटका द्यायचा. जबडा बसला की सगळ्यांसमोर भाकरीचा तुकडा चावून दाखवायला लावायचा. तो चावला म्हणजे काम पुरं.

आता गेल्या आठवड्यातली गोष्ट ऐक आणि मनसोक्त हसून घे. पारूच्या दोन शेरड्या चिमाजीच्या हरभऱ्यात शिरल्या. मी टेकाडावर उभा राहून तिला असा ओरडलो की माझा जबडा खाली गेला तो वर येईचना. शिवी अर्धीच राहिली. आ वासलेला, लाळ गळतेय, अशा अवतारात मी घरी आलो. तुझ्या आईला आधी वाटलं की मी हसतोय. मग ती घाबरली. चिमाजी धावत आला आणि म्हणाला, “भोरच्या दवाखान्यात न्यावा लागंल. गाडी जुपतो. पर दिस जाईल रस्त्यातच.” तुझी आई कपाळाला हात लावून म्हणाली, “आन हितं कोण बसवणार? बसवणारा तर ह्योच हाय!”

पारूनं हात धुतले आणि समोर येऊन बसली. कुणाला विचारलं नाही. मला तर विचारून उपयोगच नव्हता. तिनं जबडा धरला आणि आडवा ओढला. माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. मेंढरू आडवं चावतं, म्हणून त्याचा जबडा आडवा ओढायचा असतो. गेल्या साली माझ्या माघारी तिनं एका एडक्याचा जबडा तसाच बसवला होता, हे मला मागाहून कळलं. तिच्या हाताला ठाऊक होतं ते मेंढराचंच, कारण माणसाचं मी शिकवलंच नव्हतं. मी तिचा हात झिडकारला. बोलता येईना. शेवटी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिच्याच गालावर, मागच्या दाढांपाशी, अंगठ्यानं दाबून दाखवलं, आधी खाली, मग मागं. बिरू, माझ्या लेकीची हनुवटी माझ्या आईसारखी आहे, हे मला अठ्ठावीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

वाटलं, आता झटका देईल. मी डोळे घट्ट मिटले. तर हिनं नुसते तळवे माझ्या गालांवर ठेवले आणि तशीच थांबली. तुझी आई खेकसली, “अगं, कर की काय करायचं ते!” पारू म्हणाली, “बिरूनं लिवलंय. आदी मास सैल पडू द्याचं, मग हाड.” ज्या ओळीवर मी हसलो होतो, तीच. आणि खरंच सांगतो, थोड्या वेळानं माझ्या गालातली गाठ आपोआप सुटत गेली. मग तिनं अंगठ्यांना चिंधी गुंडाळली, ते माझ्या दाढांवर ठेवले, खाली दाबलं, मागं सारलं. टक् झालं आणि तोंड मिटलं. मी पहिला प्रश्न केला, कुठं शिकलीस? ती म्हणाली, “तुमी पत्र वाचता, आबा. म्या ऐकत हुते.”

मला रडू आलं. दुखत होतं म्हणून नव्हे. तेवढ्यात तुझ्या आईनं रीतीप्रमाणं भाकरीचा तुकडा आणला, तर पारूनं तो तिच्या हातातून काढून घेतला. “पंधरा दिस चावायचं न्हाई. तोंड मोठं उघडायचं न्हाई. वरडायचं तर न्हाईच न्हाई,” असा हुकूम काढून तिनं माझी हनुवटी फडक्यानं डोक्याला बांधली. तेव्हापासून मी पेज पितोय आणि घरात कशी शांतता नांदतेय. तुझी आई म्हणते, असं सुख लगीन झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

पण तोंड बंद झालं की माणूस विचार करतो. भोंगवलीच्या फुलाबाईचा जबडा मी चारदा बसवला. दर वेळी तो दोन-चार दिवसांत पुन्हा निखळायचा आणि दर वेळी मी तिला चारचौघांत म्हणायचो, तू लई बोलतीस म्हणून. बिचारीनं माणसांत बोलणंच टाकलं. खोट तिच्या बोलण्यात नव्हती, माझ्या भाकरीच्या तुकड्यात होती. ताज्या बसवलेल्या हाडाला मीच पुन्हा खेचायला लावत होतो, आणि माझ्या बापानं, आज्यानंही तेच केलं असणार. मी तिला निरोप धाडलाय की चूक माझी होती, पुढच्या बाजाराला ये.

ती येईल तेव्हा मी शेजारी बसेन, हात पारूचा असेल. रीत मोडली म्हणून कुणी नावं ठेवायची तर माझ्या तोंडावर ठेवावीत, सध्या मला उलट बोलायची बंदी आहे. तेव्हा तू खुशाल राहा. दोन नाही, चार वर्षं राहा. देवळापुढची जागा रिकामी पडणार नाही. हे पत्र लिहायला मला पारूनंच बसवलंय, कारण चारदा निखळलेला जबडा किती दिवस बांधून ठेवायचा, हे तिला डॉक्टरांना विचारायचं आहे. उत्तर बाजाराच्या आत धाड. आणि एक कर, पोरा. ते पत्र माझ्या नावानं लिहू नकोस, सौ. पारूबाईंच्या नावानं लिही. मी तिला वाचून दाखवीन, आणि जे मला कळणार नाही ते ती मला समजावून सांगेल.

तुझाच,
आबा