सीट माझ्या मापाची

दादा,

"बाबांची उघड्या टपाची गाडी आतून होती तशी करून ठेव, रविवारी गिऱ्हाईक येतंय," असं तू फोनवर फर्मावलंस. वर हसलास, "उशांचे अभ्रे शिवणारी तू, सीट काय शिवणार?"

पहिल्यांदा फसलेच. ड्रायव्हरच्या सीटचं जुनं कव्हर उसवलं आणि त्याच मापानं नवं चामडं कापलं. चढवलं तर ढगळ, नुसत्या सुरकुत्या. तीस वर्षं बाबा बसून बसून जुनं कव्हर ताणलं गेलं होतं. आई म्हणाली, "अगं, गेलेल्या माणसाच्या मापानं कशाला शिवतेस?"

मग सगळं परत उसवलं. मला समोरचा रस्ता दिसेल इतका उंच फोम भरला. पाठ माझ्या पाठीला टेकेल अशी केली. एक टाका वाकडा दाखव.

गाडी माझ्याही नावावर आहे, हे तू सोयीनं विसरलास. मी सही करणार नाही.

हे पत्र टाकत नाहीये, नाहीतर आदल्या दिवशीच येऊन चावी मागशील. रविवारी ये खुशाल गिऱ्हाईकाला घेऊन. शेड रिकामी असेल. आई माझ्या शेजारी बसणार आहे, आत्ताच बजावून गेली, "टप उघडाच ठेव."

तुझी,
अभ्रेवाली