पेशंटला हात लावण्यापूर्वी

५ जानेवारी, संध्याकाळ.
कॉलेज सुरू. इमेजिंगचा कोर्स घेतला तो मशीनसाठी. एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय. काचेमागे एसीत बसायचं, बटण दाबायचं, माणसाच्या आतलं बघायचं. माणसाशी बोलायचं काम दुसऱ्यांचं. साधा हिशेब.
आज कळलं, पहिली टर्म मशीन नाही. पहिली टर्म 'पेशंट केअर'. त्याचं प्रॅक्टिकल पास झाल्याशिवाय मशीनच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.
शिकवणाऱ्या मॅडम पूर्वी वॉर्डात सिस्टर होत्या. चालताना आवाज येत नाही. एकदम मागे उभ्या असतात. मी त्यांचं नाव जेलर ठेवलं आहे. ज्यांची बुद्धी मुळातच टेक्निकल आहे त्यांच्यासाठी काही सूट आहे का, असं मी त्यांना नम्रपणे विचारलं. म्हणाल्या, "मशीनला दुखत नाही, मशीनला लाज वाटत नाही, मशीन घाबरत नाही. म्हणून मशीन शेवटी."
वर्ग हसला. चेहरे लक्षात ठेवले आहेत.
संकल्प: या फालतू विषयात पहिला यायचं. नुसतं तोंडावर मारण्यासाठी.

७ जानेवारी.
हात धुणे. अख्खा तास हात धुणे. आधी हाताला कसलीशी पावडर चोळायला लावली, मग हात धुवायला लावले, मग निळ्या दिव्याखाली धरायला लावले. जे धुतलं गेलं नाही ते चमकतं म्हणे. माझे दोन्ही अंगठे काजव्यासारखे. मी दिवा बिघडल्याचं लक्षात आणून दिलं. शेजारच्या मुलीने त्याच दिव्याखाली हात धरले. काही चमकलं नाही. म्हणजे दिवा बिघडलाच आहे.
ही मुलगी पहिल्या बाकावर बसते आणि सगळं पाठ करून येते. नाव ठेवलं: घोकंपट्टी.

१२ जानेवारी.
पेशंटशी कसं बोलायचं, याचा धडा. खाली वाकून त्याच्या नजरेला नजर मिळवायची, काय करणार ते आधी सांगायचं, चेहरा हसरा ठेवायचा. माझं हसू चांगलं आहे. आईचं तसं मत आहे. जेलर म्हणाल्या, "असं हसू नका. पेशंटला वाटेल रिपोर्ट वाईट आला."
शिवाय 'तुम्ही अमुकच ना?' असं विचारायचं नाही. पेशंटकडूनच पूर्ण नाव वदवून घ्यायचं आणि हातातल्या चिठ्ठीशी ताडून बघायचं. का, तर घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. मी हे लिहून घेतलं नाही. घरोघर नावं विचारत फिरायची हौस असती तर जनगणनेत गेलो असतो.

२१ जानेवारी, दुपार.
ब्लड प्रेशर. जोडीला घोकंपट्टी. माझं नशीबच फुटकं. दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, कान देऊन ऐकलं. काही नाही. आणखी हवा भरली. तिचे डोळे मोठे झाले, पण आवाज नाही. मी प्रामाणिकपणे कागदावर लिहिलं: बीपी नाही.
जेलर म्हणाल्या, "मग ही मुलगी बसली कशी आहे?"
स्टेथोस्कोप कानात उलटा घातला होता म्हणे. त्याला सुलटी-उलटी बाजू ठेवणाऱ्याला कोणी काही बोलत नाही. घोकंपट्टी तासभर हात चोळत होती. नाटकी.

२ फेब्रुवारी.
पेशंटला खुर्चीतून पलंगावर घ्यायचा सराव घरी करायचं ठरवलं. आत्या सध्या गुडघ्यांसाठी आमच्याकडे राहायला आली आहे, म्हणजे पेशंट घरातच. वजनही भरपूर. तिला सांगितलं की तुला फुलासारखी उचलतो. ती म्हणाली, राहू दे बाबा, मी आपली उठते. मी म्हटलं, सहकार्य कर.
बाबांची ऑफिसातली चाकांची खुर्ची घेतली. (बाबा मोटार ड्रायव्हिंग शिकवतात. आयुष्यभर लोकांवर ओरडून ओरडून त्यांचा आवाज आता घरातही तसाच येतो.) आत्याच्या काखेत हात घातले. एक, दोन, तीन म्हटलं. खुर्ची दाराकडे गेली, आत्या जमिनीकडे, आणि मी आत्याकडे.
बाबा धावत आले. आधी आत्याला उठवलं, पलंगावर बसवलं, काही मोडलं नाही ना ते पाहिलं. मग माझ्याकडे वळले. "ब्रेक लावल्याशिवाय माणूस गाडीतून उतरवतोस होय रे?"
चूक खुर्चीची. व्हीलचेअरला ब्रेक असतो, या खुर्चीला नाही. हे मी समजावून सांगत होतो. कोणी ऐकलं नाही.

३ फेब्रुवारी.
आत्या माझ्याशी बोलत नाही. जे सांगायचं ते आईला सांगते, तेही मी समोर असताना. "त्याला सांग, माझ्या वाटेतून बाजूला हो." वयानुसार स्वभाव हट्टी होतो, असं पुस्तकात आहेच.

१८ फेब्रुवारी.
आजपासून खरे पेशंट. वॉर्डातून एका काकांना स्ट्रेचरवर एक्स-रे विभागात आणायचं. हाताला सलाईन. बाटली टांगायचा दांडा स्ट्रेचरला नव्हता, तर ती कोणीतरी हातात उंच धरून चालायचं. मला दोन्ही हात ढकलायला हवे होते. काकांच्या पोटावर भरपूर मोकळी जागा होती. ठेवली.
लिफ्टपाशी काकांनी नळीकडे बघितलं. नळीत रक्त वर चढत होतं. काका असे ओरडले की लिफ्टमधली माणसं बाहेर आली. पेशंटने छताकडे बघावं, नळीकडे कशाला बघायचं? मी म्हटलं, ओरडू नका, तुमचंच रक्त आहे.
या वाक्यावर जेलर माझ्याशी दहा मिनिटं बोलल्या. पूर्ण बोलणं लिहीत नाही. शेवट असा होता: "तुमच्या तोंडून निघालेलं प्रत्येक वाक्य त्या माणसाच्या अंगावर पडतं."
काका नंतर वॉर्डात सांगत होते म्हणे, तो चष्मेवाला नको. विभागात चष्मेवाले तिघे आहेत. कोणाविषयी बोलत होते कळलं नाही.

२७ फेब्रुवारी.
प्रॅक्टिकलची तारीख लागली. बाहेरचे परीक्षक येणार. बरं झालं, जेलरच्या आकसाला आता वाव नाही.
तयारी जोरात. धीर देण्याची वाक्यं आरशासमोर म्हणतो. 'घाबरू नका, मी आहे ना.' 'असं सगळ्यांनाच वाटतं.' 'थोडाच वेळ, मग मोकळे.' आवाज खाली, खांद्यावर हात. इतकं छान जमतं की परवा मला स्वतःलाच बरं वाटलं. घोकंपट्टीने विचारलं, नाव विचारायची पायरी पक्की केलीस का? मी म्हटलं, तू तुझं बघ.

१० मार्च, सकाळ.
आज. बूट पॉलिश केले. अंगठे खास धुतले. पास होणार हे नक्की, प्रश्न फक्त किती मार्कांनी. आईला सांगून ठेवलं, पुढच्या आठवड्यापासून मशीनवर.

१० मार्च, संध्याकाळ.
जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे पुढे कोणी विपर्यास करायला नको.
परीक्षकांनी चिठ्ठी दिली. जबड्याचा एक्स-रे. बाहेर जाऊन पेशंटला आणा, तयार करा, टेबलावर झोपवा. बटण आमचे सीनियर टेक्निशियन दाबणार.
मी दारात उभा राहून आडनावाने हाक मारली. स्पष्ट, खणखणीत. बाकावरचे एक आजोबा लगबगीने उठले आणि "हो, हो" म्हणाले. आता मला सांगा, माणूस दोनदा हो म्हणतो तेव्हा आणखी काय विचारायचं? त्यांच्या शेजारी व्हीलचेअरवर एक आजी, गालाला फडकं धरून. त्या हाताने काहीतरी खुणा करू लागल्या. मी त्यांना गोड आवाजात सांगितलं, "आजी, तुमचा नंबर आला की बोलावतो हं." आणि आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना आत नेलं.
आत गेल्यावर आजोबा म्हणाले, "अहो, पण माझं काही…" मी म्हटलं, "घाबरू नका, मी आहे ना."
गाउन दिला. ते म्हणाले, "मी तर नुसता बरोबर…" मी म्हटलं, "असं सगळ्यांनाच वाटतं."
चष्मा काढला. घड्याळ काढलं. जबड्याचा एक्स-रे, तेव्हा कवळी काढायला लावली. इतरांच्या लक्षातही आलं नसतं. कवळी निघाल्यावर ते जे बोलले त्यातलं काही कळलं नाही, पण सूर घाबरल्यासारखा होता, म्हणून मी तिसरं वाक्य वापरलं. टेबलावर झोपवलं. परीक्षक सारखे काहीतरी लिहीत होते. मला वाटलं, भारावले.
मग ते म्हणाले, "चिठ्ठीवर पेशंटचं वय आणि लिंग काय आहे, वाचा."
वाचलं.
आजोबा पेशंटचे पती होते. सकाळी न्हाणीघरात पडून हनुवटी आपटली ती आजींची. त्यांना तोंड उघडता येत नव्हतं. आत मी त्यांच्या नवऱ्याला धीर देत होतो तेवढा सगळा वेळ त्या बाहेर तशाच बसल्या होत्या.
आजोबांनी कवळी बसवली. मला वाटलं आता शिव्या घालणार. ते म्हणाले, "तुम्ही इतकं मायेनं बोलत होतात, मला वाटलं माझंही काहीतरी निघालंय." आणि मग, "ती बाहेर एकटी आहे हो." असं म्हणून कपडेही न बदलता गेले. गाउनला मागून नाड्या असतात. त्या मी बांधल्या नव्हत्या.
मी मागोमाग गेलो. आजी माझ्याकडे बघत होत्या. रागाने बघितलं असतं तर चाललं असतं. त्या नुसत्या बघत होत्या, दमून. जेलरनी घोकंपट्टीला पुढे केलं. ती व्हीलचेअरपाशी उकिडवी बसली, आजोबांकडून पूर्ण नाव घेतलं, आजींना मान हलवून खात्री करायला सांगितली, आधी ब्रेक बघितला आणि मग पायाखालची पाटी बघितली. शिकवल्याबरहुकूम. पोपटपंची. आजींनी तिचा हात धरला आणि आत जाईपर्यंत सोडला नाही.
आडनाव एकच असेल तर हॉस्पिटलने तसं कळवायला हवं. तक्रार करावी का, विचार चालू आहे.

११ मार्च.
घरी सांगितलं, परीक्षेत थोडा गोंधळ झाला. पण बाबांकडे शिकायला येणारा एक जण तिथे वॉर्डबॉय आहे. बाबांना सगळं आधीच माहीत होतं. ओरडले नाहीत. जेवण झाल्यावर म्हणाले, "माझ्याकडचे नापास होतात, पण निदान गाडीत माणूस तरी बरोबर बसलेला असतो."
आत्या हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तेही आईकडे बघून.

२० मार्च.
नापास. कारणांच्या रकान्यात जेलरनी खालच्या ओळीपर्यंत लिहिलं आहे. पुढच्या बॅचबरोबर पूर्ण टर्म पुन्हा. घोकंपट्टी सोमवारपासून मशीनवर.
संकल्प: कोर्स सोडून देणे.

२४ मार्च.
कोर्स सोडण्याविषयी बाबांशी बोललो. पर्याय म्हणून त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांच्या हाताखाली नोकरी सुचवली.
संकल्प: कोर्स न सोडणे.

६ जुलै.
नवीन बॅच. सगळी पोरं बावळट. माझा अनुभव आता कामी येणार हे उघड आहे, कारण आज जेलरनी सगळ्यांदेखत सांगितलं की उद्याच्या सरावात त्यांना माझी गरज आहे. 'तुमच्याशिवाय होणार नाही,' असे शब्द. नव्यांना शिकवायला घेतात, म्हणजे चूक लक्षात आली असणार. मी उपकार केल्यासारखं हो म्हटलं. माफी मागायची नसेल तर नको, एवढं पुरे.
पॉलिशचं डबडं काढलं.

७ जुलै, संध्याकाळ.
पेशंट म्हणून गरज होती.
गाउन घालायला लावला. स्ट्रेचरवर झोपवलं. भूमिका: खुब्याचं हाड मोडलेला, उठायची सक्त मनाई. दोन्ही बाजूंचे कठडे वर. एका उंच पोराने मला कॉरिडॉरमधून फिरवून आणायचं होतं. त्याने नेलं, भिंतीला लावलं, "आलोच" म्हणाला आणि गेला.
कॉरिडॉर भर गर्दीचा. आडवं पडलं की माणसाकडे कोणी बघत नाही, त्याच्यावरून बघतात. दोन सिस्टर माझ्या पायाशी उभ्या राहून रजेविषयी बोलल्या. कोणीतरी फाइल माझ्या पोटावर ठेवली, बुटाची नाडी बांधली, फाइल उचलून गेला. थंडी वाजत होती. किती वेळ लागणार कोणी सांगत नव्हतं. आणि मला लघवीला लागली होती. उठून जावं तर गाउन मागून उघडा, समोर बाकावर ओळीने नातेवाईक बसलेले.
शेवटी तो उंच पोरगा आला. सॉरी म्हणाला, वाकला, काही हवंय का विचारलं. मी हळूच सांगितलं. तो म्हणाला, "पण तुम्हाला उठायची मनाई आहे ना?" आणि मला जरा आडोशाला सरकवून पळत जाऊन भांडं घेऊन आला. त्याच्या मागे, पावलांचा आवाज न करता, जेलर. त्यांच्या मागे अख्खी बॅच.
"या, सगळे जवळ या," जेलर म्हणाल्या. "असा खरा प्रसंग रोज मिळत नाही. आता सांगा, सगळ्यात आधी काय करायचं?"
कोणाला येईना. एक जण म्हणाला हात धुवायचे, दुसरी म्हणाली ग्लोव्हज. पोरगा भांडं हातात घेऊन उभा. सगळे माझ्याकडे बघतायत.
"अहो, पडदा ओढा आधी!" मी ओरडलो.
जेलरनी पडदा ओढला. पलीकडून त्यांचा आवाज आला, वर्गाला सांगत होत्या.
"बरोबर. लिहून घ्या. यांचं आजवरचं पहिलं बरोबर उत्तर आहे."