कोबा एका जागी, पाखरे दुसऱ्या जागी

प्रति,
मा. कार्यकारी अधिकारी,
खंडाळमाळ फळे-भाजीपाला उत्पादक संघ,
जळोची, ता. बारामती, जि. पुणे.

दिनांक : १४ जून १९९६

अर्जदार : तात्याबा रामा खारतोडे, वय ६१, मूळ रा. कळस, ता. इंदापूर, हल्ली मुक्काम संघाची बाग, जळोची.

विषय : पक्षीघराचा तळ घुशींपासून सुरक्षित करणेबाबत, ते होत नसल्यास पक्षीघर तयार कोब्यावर नेणेबाबत, तेही होत नसल्यास तसे एकदा तोंडावर सांगणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदारांचे यापूर्वीचे सहा अर्ज. २) आपले दि. २० मे चे पत्र.

महोदय,

१. अर्जदारांना लिहितावाचता येत नाही, म्हणून हा अर्ज त्यांची सून लिहीत आहे. आधीचे सहा अर्ज कचेरीबाहेरच्या टंकलेखकाकडून करून घेतले होते. त्यांची भाषा इतकी सभ्य होती, की पाखरे मरत आहेत हे कोणाच्या ध्यानातच आले नसावे. हा अर्ज जरा उघड भाषेत आहे, त्याची माफी असावी.

२. अर्जदारांचा जन्म मेंढरांमागे गेला. रानं बागायती झाली, चरायला जागा उरली नाही, तेव्हा त्यांनी कळप विकला. जानेवारी १९९५ मध्ये संघाने बागेत पक्षीघर उभारले आणि म्हाताऱ्याला जित्राबाची जाण आहे म्हणून राखणीला ठेवले. चाळीस लव्हबर्ड त्यांच्या ताब्यात दिले. चारी बाजूंना जाळी, वर पत्रा, पुढे रंगीत कमान, सगळे झाले होते. खाली मात्र नुसती काळी माती. महिन्याभरात घुशींनी बाहेरून बीळ धरले आणि थेट आत तोंड काढले.

३. त्यावर काय करावे हे गवंडी सोनबा यांनी सांगितले व पहिल्या अर्जात ते लिहिलेही होते. दीड फूट खोदावे. अर्ध्या इंचाची जाळी सबंध तळावर अंथरून चारी कडांना वर दुमडावी आणि पिंजऱ्याच्या जाळीला तारेने शिवावी. वर दगड ठासून काँक्रीटचा कोबा करावा, पाणी जायला उतार ठेवावा, आणि पाखरांच्या पायांना म्हणून चार बोटे वाळू पसरावी. प्रस्ताव विचाराधीन असल्याचे उत्तर आले. विचार दिवाळीपर्यंत चालला. घुशींना तेवढी सवड नव्हती. पाखरे तेवीस उरली.

४. इथे अर्जदारांची चूक झाली, ती ते कबूल करतात. धनगर मेंढरांचा वाडा एका जागी ठेवत नाहीत. दोन-तीन रात्री झाल्या की मेंढरांभोवतीचे जाळे उचलायचे आणि पुढच्या रानात लावायचे. जागा बिघडली तर आपण हलायचे, एवढेच त्यांना ठाऊक. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मुलगा व चार भाऊबंद बोलावले आणि पाखरे डालग्यांखाली झाकून पिंजरा उचलून तीस फुटांवरच्या मुरमाड जागेत नेऊन ठेवला. याला परवानगी लागते हे त्यांच्या स्वप्नातही आले नाही. त्यानंतर एकोणीस दिवस एकही पाखरू गेले नाही. अर्जदार त्या दिवसांत घरी येऊन हसत होते.

५. विसाव्या दिवशी संघाचे अभियंता मोहनराव आले. मालमत्ता विनापरवाना हलवल्याबद्दल अर्जदारांना लेखी समज मिळाली, आणि पिंजरा पुन्हा हलू नये म्हणून त्याचे चारही पाय त्या नव्या जागीच काँक्रीटमध्ये गाडले. फेब्रुवारीत कोबा मंजूर झाला. ठेकेदाराच्या माणसांनी नकाशा उघडला, फाटकापासून टेप धरली आणि जिथे पूर्वी पिंजरा होता त्या मोकळ्या जागी खोदायला सुरुवात केली. अर्जदार धावत गेले. "साहेब, पाखरं तितं हायती, कोबा हितं कशाला?" त्यावर मोहनराव म्हणाले, "तात्या, मंजुरी नकाशाला हाय, पाखरांना न्हाय."

६. कोबा उत्तम झाला आहे हे नमूद करणे भाग आहे. जाळी, दगड, उतार, सगळे सोनबांनी सांगितले तसेच. त्याखालून मुंगीसुद्धा वर येणार नाही. सध्या त्यावर कर्मचाऱ्यांच्या स्कूटर उभ्या असतात.

७. उन्हाळ्यात घुशींना नवी जागा सापडली. मुरूम ओला राहतो, कारण पाखरांना पाणी ठेवावेच लागते. अर्जदारांनी बिळांत दगड ठासले, काचा भरल्या, बाभळीच्या फांद्या पुरल्या. पाखरे डालग्यांखाली झाकून कोब्यावर नेली, तर स्कूटर लावायला अडचण होते म्हणून डालगी उचलायला लावली. मग पाय मोकळे करावेत असा अर्ज केला. आपले उत्तर आले, की पाय तोडल्यास मालमत्तेचे नुकसान होईल. तसेच सदर पक्षीघरास कोबा दिलेला असून एका पक्षीघरास दोन कोबे देता येत नाहीत. हे पत्र मी मामंजींना तीनदा वाचून दाखवले. तिसऱ्यांदा त्यांनी विचारले, "ह्यात पाखरांचं काय लिवलंय?"

८. आज सात पाखरे आहेत. गेल्या गुरुवारी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "सोडून द्या आता. हितं मरत्यात, तितं निदान उडून बघत्याली." अर्जदारांनी दार उघडले आणि ते बाजूला झाले. दोन पाखरे लिंबाच्या झाडावर जाऊन बसली. कावळे तुटून पडले तशी ती किंचाळत परत आली आणि उघड्या दारातून आपणहून आत शिरली. बाकीची पाच हललीच नाहीत. सगळी दाण्याच्या वाटीपाशी जमली आणि अर्जदारांच्या हाताकडे बघत राहिली. अर्जदारांनी दार लावले आणि ते तिथेच मातीत बसून रडले. कळप विकला त्या दिवशीही ते रडले नव्हते, असे सासूबाई सांगतात.

९. तरी, वर विषयात लिहिले असले, तरी कोबा द्यावा किंवा पाय सोडवावेत, असे आता अर्जदार मागत नाहीत. आपण एकदा सकाळी बागेत यावे. पाखरे त्यांच्याकडे बघतात तेव्हा त्यांनी काय करावे, एवढे आपल्या तोंडून सांगावे.

अजूनही संघाचा नोकर असलेला,

तात्याबा रामा खारतोडे
(डाव्या हाताचा अंगठा)

लिहिणार : मनिषा मल्हार खारतोडे, सून

सोबत : मागील सहा अर्जांच्या व आपल्या पत्राच्या नकला. पुरावा म्हणून पिसेही जोड, असे अर्जदार म्हणत होते. ती पाकिटात घालायला माझे मन धजले नाही.