चावडीतला रेडिओ मुका झाला तेव्हा

आप्पा, परवा मी रेडिओवर बोलले. दहा मिनिटांचं भाषण होतं, अपंग मुलांना गावच्या शाळेत घेण्याबद्दल. काचेपलीकडे एक तरुण अधिकारी बसला होता. त्यानं हात वर केला की बोलायचं आणि खाली केला की थांबायचं. तुम्हाला हे सगळं पोरकट वाटलं असतं, कारण कुणाचाही हात न बघता तुम्ही तासतासभर रेडिओसारखं बोलत होतात. घरी आले, चहा केला, आणि तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे हे आठवलं. आठवलं म्हणणं खरं नाही. ती मी कधी विसरलेच नव्हते, फक्त सांगायची टाळत होते. तुम्ही असताना टाळलं आणि गेल्यावर तर टाळायचीही गरज उरली नाही.

लढाईच्या दिवसांत आपल्या गावाला सरकारी रेडिओ मिळाला. निपाणीहून बैलगाडीतून गवतात गुंडाळलेलं खोकं आलं, चावडीच्या कौलांवर दोन बांबू उभे राहिले, त्यांच्यामध्ये तार ताणली गेली आणि किल्ली शाळेच्या मास्तरांच्या जानव्याला अडकली. रोज संध्याकाळी मुंबईहून गावकऱ्यांसाठी कार्यक्रम लागायचा, आधी मराठीत आणि मग थोडा कानडीत. सुरुवातीला चावडीत पाय ठेवायला जागा नसायची. पण नव्याचे नऊ दिवस. तंबाखूची कापणी आली तशी माणसं शेतात राखणीला जाऊन राहिली, म्हातारी माणसं थंडीनं घरात बसली, आणि बायकांना तर चावडीची पायरी चढायची चालच नव्हती. रोज न चुकता जाणारे तुम्ही एकटे, आणि तुमच्या खांद्यावर बसून मी.

लहानपणी देवी आल्या आणि तुमचे डोळे घेऊन गेल्या. मला चौथ्या वर्षी ताप आला आणि डावा पाय वाळत गेला. आपण रस्त्यानं निघालो की कट्ट्यावरून कुणीतरी ओरडायचंच, "निघाली बघा आंधळ्या-पांगळ्याची जोडी!" तुम्ही चालता चालताच उत्तर द्यायचात, "दोघांत मिळून एक माणूस पुरा हाय रं बाबा. तुझ्या एकट्यात तेवढाबी न्हाई." मी वरून डबकं, गाडी, म्हैस सांगायची. मी झोपले असले तर तुम्ही पावलं मोजत घरी यायचात. चावडीतून आपल्या दारापर्यंत तीनशे वीस. चावडीत मी घोंगडीवर पडले की दोन मिनिटांत झोपते, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

तुमची खरी चावडी दुसऱ्या दिवशी सकाळी भरायची, तंबाखूच्या वखारीत. आई आणि चाळीसेक बायका पानं निवडत बसायच्या, खकाण्यानं, तंबाखूच्या बारीक धुळीनं, शिंका देत. तुम्ही दाराशी अंबाडीचे दोर वळत बसायचात आणि आदल्या संध्याकाळचा सगळा कार्यक्रम पहिल्यापासून सांगायचात. "नमस्कार, गावकरी मंडळी" इथपासून. बोलणाऱ्याचा खोकला तुम्ही खोकायचात, मध्ये होणारी खरखर घशातून काढायचात, आणि जिथं कानडी कार्यक्रम लागायचा तिथं कानडीत शिरायचात. वखारीचे मालक जैन, घरात कानडी बोलणारे. पहिल्या दिवशी ते रागानं आले होते म्हणे, पण बायकांचे हात जास्तच भरभर चालताना बघून तिथंच पोत्यावर बसून ऐकायला लागले. दोर वळणारा एक आंधळा माणूस त्या सकाळपासून गावात कुणीतरी झाला. हे मी मोठेपणी लिहिते आहे. तेव्हा मला एवढंच कळायचं, की आपल्या आप्पांची वाट बघतात.

त्याच वर्षी जूनमध्ये तुम्ही मला शाळेत नेलं होतं. मास्तर पायरीवरच उभे राहिले. वाईट माणूस नव्हता तो, फक्त भित्रा होता. "पोरीची जात, त्यातनं असा पाय. मांडी घालता येत न्हाई. पडली-झडली तर मला कोण इचारंल? तुमालाच इचारतील व्हय?" तुम्ही मला उचलून खांद्यावर घेतलंत आणि माघारी वळलात. वाटेत मी डबकं सांगायला विसरले आणि तुमचा पाय त्यात गेला. घरी आई म्हणाली, "मास्तरानं न्हाई म्हटलं म्हंजे झालं. तिला दोर वळायला शिकवा." तेव्हा तुम्ही म्हणालात, "दोर वळायला डोळं लागत न्हाईत. हिचं डोळं चांगलं हाईत. ते कशाला वाया घालवायचं?" आईनं चूल फुंकायला घेतली, कारण उत्तर बरोबर होतं आणि त्याचा उपयोग काहीच नव्हता.

मग माघात रेडिओ मुका झाला. रेडिओच्या बॅटरीत घालायला बेळगावहून रेडिओ तपासायला येणाऱ्या माणसानं सीलबंद बाटलीतून पाणी देऊन ठेवलं होतं आणि बजावलं होतं, की ह्याच्याशिवाय दुसरं पाणी घालायचं नाही. ती बाटली मास्तरांच्या हातून फुटली. विहिरीचं पाणी घालायचं नाही हे त्यांना कळत होतं, म्हणून त्यांनी पुष्कळ विचार केला आणि देव्हाऱ्यातला गडू काढला. नरसोबाच्या वाडीहून आणलेलं कृष्णेचं पाणी, तोंड लाखेनं बंद केलेलं, कुणाचा हात न लागलेलं. याहून चोख पाणी कुठलं असणार? ते त्यांनी नमस्कार करून बॅटरीत ओतलं. तीन-चार दिवसांत आवाज बारीक होत गेला आणि एका संध्याकाळी किल्ली फिरवली तरी काहीच झालं नाही. मास्तर तुमच्यासमोर अक्षरशः रडले. रेडिओ बिघडवला म्हणून सरकार विचारणार, तो काढून शेजारच्या गावाला देणार. आणि तीर्थ असल्या कामाला वापरलं हे घरात कळलं तर बायको घरात घेणार नाही. नवी बॅटरी मिळेपर्यंत, ते म्हणाले, तुमी कुठं बोलू नगासा.

तुम्ही बोलला नाहीत असं कसं म्हणू? नऊ दिवस तुम्हीच तर बोललात. रोज संध्याकाळी मास्तर कंदील लावून चावडीचं दार लोटून घ्यायचे, मुक्या पेटीसमोर तुम्ही दोघं अर्धा तास बसायचात, आणि सकाळी वखारीत "नमस्कार, गावकरी मंडळी" व्हायचं. बैलाच्या खुरावरचं औषध, हवामान, एक अभंग, कानडीत आंबिलीचे गुण. त्या नऊ दिवसांत खरखर जरा जास्त होती, एवढाच काय तो फरक. बायका तर खूश होत्या. आई म्हणायची, "अलीकडं रेडिओ लई चांगलं सांगायलाय, आपल्यातलं वाटतंय."

सातव्या सकाळी तुम्ही अगदी त्याच आवाजात सांगितलंत, की आंधळी, बहिरी, लंगडी मुलं गावोगावच्या शाळांत बसवावीत, त्यांना माघारी पाठवू नये. मग खोकलात आणि म्हणालात, "पाटीवर पायानं लिहीत न्हाईत." बायका थांबल्या. चाळीस बायकांचे हात एकदम थांबलेले मी त्या वखारीत तेवढ्या एकदाच बघितले. मग तुम्ही तेच कानडीत सांगितलंत. दुपारपर्यंत गावात दुसरा विषय नव्हता.

पाटील काही भोळे नव्हते. तुम्ही वखारीत असताना ते आपल्या घरी आले. मी कट्ट्यावर एकटीच बसले होते. काठी टेकून ते म्हणाले, "काय गं, तुझ्या बापाच्या सोयीचं बरं बोलला रेडिओ. खरंच बोलला व्हय?"

"व्हय."

"तू तर चावडीत झोपतीस म्हणं."

"काल जागी हुते," मी म्हणाले. आणि एवढ्यानं त्यांचं समाधान झालेलं दिसेना म्हणून पुढं जोडलं, "मराठीत एकदा बोलला आन् कानडीत दोनदा."

पाटलांनी माझ्या पायाकडे बघितलं. "मग बोलला असंल," ते म्हणाले आणि तसेच शाळेकडे गेले. तिथं त्यांनी विचारलं, "मास्तर, सरकारनं असं सांगितलंय व्हय?" मास्तरांनी काय करायचं होतं? रेडिओ बोललाच नाही म्हणावं तर का बोलला नाही ते सांगावं लागणार. त्यांनी टोपी काढली, परत घातली आणि म्हणाले, "व्हय. तसं सांगितलंय खरं."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत बसले. मांडी घालता येत नव्हती म्हणून मास्तरांनी चावडीतून एक खोकं आणवलं आणि ते खिडकीशी पालथं घातलं. रेडिओ ज्यातून आला होता तेच. त्याला अजून गवत चिकटलेलं होतं आणि ते टोचायचं. तुमच्या यादीत बहिरेही होते, त्यामुळं तेल्याचा मुलगाही आठवडाभरात येऊन बसला. त्याला काय शिकवायचं हे मास्तरांना कळेना, पण परत पाठवायची सोय नव्हती. नवी बॅटरी आली त्या संध्याकाळी तुम्ही चावडीत अगदी ताठ बसला होतात. हा खरा रेडिओ आता काही उलटं बोलतो की काय, ही भीती तुमच्या मानेत दिसत होती. रेडिओ उसावरच्या किडीबद्दल बोलला. तुम्ही आणि मास्तर दोघांनी एकदमच श्वास सोडला. वखारीत मात्र बायकांनी तोंडं वाकडी केली, म्हणाल्या रेडिओ बिघडला.

यातलं काहीही तुम्ही मला सांगितलं नाहीत. उलट, शाळेत पोरं चिडवायची म्हणून मी रडत आले की तुम्ही म्हणायचात, "त्यास्नी सांग, तुमाला तुमच्या आईबापानं घातलंय शाळंत. मला सरकारनं बोलावलंय." हे तुम्ही इतक्या विश्वासानं सांगायचात की मला वाटतं शेवटी तुम्हालाही ते खरं वाटायला लागलं होतं. मी सातवी पास झाले, निपाणीच्या केंद्रात चांगल्या मार्कांनी, तेव्हा आई पेढे वाटत होती आणि तुम्ही दोर वळत होतात. "आप्पा, तुमच्यामुळं झालं," मी म्हणाले. तुम्ही मान हलवलीत. "माझं काय त्यात? सरकारनं बोलावलं, तू गेलीस." त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तुमच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं, एखादी गोष्ट नीट झाकून ठेवल्याचं, की ते मला मोडवलं नाही. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. पुढं मी शिक्षिका झाले, तुमच्या यादीतली कितीतरी मुलं माझ्या वर्गात बसली, आणि त्यातलं एकही मी माघारी पाठवलं नाही.

परवाच्या भाषणात मी ते वाक्य घातलं होतं. काचेपलीकडचा अधिकारी नंतर बाहेर येऊन म्हणाला, "बाई, पाटीवर पायानं लिहीत नाहीत, हे फार छान आहे. तुमचंच का?" मी म्हणाले, "नाही, लहानपणी रेडिओवर ऐकलं होतं." त्यानं ते वहीत लिहून घेतलं. तुमचं नाव सांगता आलं असतं, आप्पा. पण झाकलेलं तसंच राहू द्यावं असं मला अजूनही वाटलं. हे पत्र मी घडी घालून ठेवणार आहे, ते पाठवायचं कुठं हा प्रश्नच नाही.

माझ्या झोपेची एक गोष्ट तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगायचात. एका संध्याकाळी चावडीतून येताना तुमची पावलं मोजायची चुकली, आपण निवडुंगाच्या कुंपणात गेलो, आणि माझ्या चांगल्या पायात काटा रुतून रक्त आलं तरी पोरगी जागी झाली नाही. कसली गाढ झोप म्हणायची! तो वण अजून आहे. ती सहावी संध्याकाळ होती. निघताना तुम्ही विचारलंत, "झोपलीस काय गं?" मी उत्तर दिलं नाही. मग तुम्ही ते वाक्य पुटपुटायला लागलात. एकदा मास्तरासारखं, एकदा पाटलासारखं, आणि शेवटी रेडिओसारखं, खोकून. त्या नादात पावलं चुकली. काटा आत गेला तेव्हा मी तुमचा पटका दातांत धरला. मी ओरडले असते तर तुम्ही थांबला असता, आणि सकाळी ते वाक्य कदाचित तुमच्या तोंडून निघालंच नसतं. मला सरकारनं बोलावलं नव्हतं हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी जागी होते, आप्पा.